कार्बन कमी करणारं तंत्रज्ञान: खरंच काम करतंय की नुसताच गाजावाजा?

पंपवाला (धागाकर्ता)

उद्योगांच्या आणि शहरांच्या कार्बन उत्सर्जनाचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो हायड्रोजन आला, हवेतून कार्बन खेचणारी यंत्रं आली, आता काळजी मिटली. दुसऱ्याला हे सगळं थोतांड वाटतं. मला दोन्ही पटत नाही. सगळ्यात स्वस्तात उत्सर्जन कमी करणारी यंत्रं बातमीत येतच नाहीत, कारण ती दिसायला अगदीच कंटाळवाणी असतात.

मी कारखान्यांची ऊर्जा-तपासणी करतो. तिथे हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे गरजेपेक्षा मोठा पंप. ‘पुढे लागला तर’ म्हणून बसवलेला. मग पाणी जास्त येतं, म्हणून पुढचा व्हॉल्व्ह अर्धा बंद करून ठेवतात आणि मोटर मात्र पूर्ण वेगाने फिरत राहते. त्या व्हॉल्व्हपाशी उभं राहिलं की सतत घरघर ऐकू येते, तिथे वीज वाया जात असते. व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, लावून वेग ८० टक्क्यांवर आणला की लागणारी शक्ती जवळपास निम्मी होते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. जगातली जवळजवळ निम्मी वीज मोटरींवर चालणाऱ्या यंत्रणाच खातात, तेव्हा हे काही किरकोळ काम नाही.

तीच गोष्ट हीट पंपाची, म्हणजे वाया जाणारी किंवा हवेतली उष्णता उचलून ती जास्त तापमानाला देणाऱ्या यंत्राची. दूध, कागद, कापड या उद्योगांतली बरीचशी उष्णता १५० अंश सेल्सिअसच्या आतली असते. ती बॉयलरमध्ये इंधन जाळून मिळवायची गरज नाही, एका युनिट विजेत दोन-तीन युनिट उष्णता मिळू शकते. शहरांचं उदाहरण हवं असेल तर चीनमधलं शेनझेन बघा. २०१७ संपेपर्यंत तिथल्या १६ हजारांहून जास्त बस विजेवर आल्या होत्या.

शंकेखोर

घनाचा नियम छान आहे, पण तो पाणी नुसतं फिरवायचं असेल तेव्हा चालतो. पाणी उंच टाकीत चढवायचं असेल तर वेग कमी केल्यावर बचत कितीतरी कमी होते, आणि एका मर्यादेखाली पाणी वर चढतच नाही. हे विक्रेते सांगत नाहीत.

मूळ मुद्दा वेगळाच आहे. वाचलेल्या पैशाचं कारखाना काय करतो? नवी लाइन टाकतो. कोळसा कार्यक्षमतेने वापरला की त्याचा खप घटत नाही, वाढतो, हे जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच सांगून ठेवलंय. यंत्रं दरवर्षी सुधारतायत आणि २०२४ मध्ये जगाचं ऊर्जेतून होणारं कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन ३७.८ अब्ज टनांवर गेलं, आजवरचा उच्चांक. मग तुमचा व्हीएफडी नेमकं काय करत होता?

पंपवाला

टाकीचा मुद्दा बरोबर आहे, म्हणूनच आधी मोजायचं आणि मग विकत घ्यायचं. बचतीतला काही भाग परत खर्च होतो हेही खरं, पण सगळा होत नाही. ब्रिटनमध्ये २०१२ साली सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती. ३० सप्टेंबर २०२४ ला रॅटक्लिफ-ऑन-सोर हे तिथलं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र बंद झालं आणि कोळसा शून्यावर आला. पवनचक्क्या आल्या, नैसर्गिक वायू आला, दिवे आणि फ्रीज कमी वीज खायला लागले. सगळं तंत्रज्ञानच की!

गल्लीतला_अर्थशास्त्री

थांबा, थांबा. २०१३ मध्ये ब्रिटनने वीजनिर्मितीतल्या कार्बनवर किमान किंमत लावली आणि ती वाढवत नेली, हे सोयीस्करपणे गाळलंत. पवनचक्की आधीही होती आणि वायूची टर्बाइनही. कोळसा महाग झाला तेव्हा ती चालली.

याहून चांगलं उदाहरण नॉर्वेचं. धुरातून किंवा वायूतून कार्बन डायऑक्साइड धुऊन काढणाऱ्या अमाइन पद्धतीचं पेटंट १९३० चं आहे. साठ वर्षं कुणाला हवामानासाठी ती वापरावीशी वाटली नाही. १९९१ मध्ये नॉर्वेने कार्बन कर लावला आणि १९९६ पासून स्लाइपनर वायूक्षेत्रात वर्षाला सुमारे दहा लाख टन कार्बन डायऑक्साइड समुद्राच्या तळाखाली जायला लागला. कर आधी आला, शोधाचं भाग्य नंतर उजळलं. तेव्हा धाग्याचं शीर्षकच चुकलंय असं माझं मत.

चुनखडी

कर, कर, कर. सिमेंटवाल्यांचं दुखणं कुणालाच कळत नाही.

सिमेंटच्या भट्टीत जवळपास १४५० अंश लागतात. कोळशाऐवजी कचरा जाळा, बायोमास जाळा, उद्या विजेवर भट्टी चालवा, तरी उत्सर्जनाचा साधारण ६० टक्के भाग जागेवरच राहतो. तो इंधनातून येतच नाही, दगडातून येतो. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ती तापवली की चुना उरतो आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो. ही रसायनशास्त्राची अट आहे, तिला कर कळत नाही. आणि जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के आहे.

म्हणून खरी नवनिर्मिती बघायची असेल तर एलसी३ बघा. स्वित्झर्लंड, क्युबा आणि भारतातल्या संशोधकांनी मिळून हे सिमेंट विकसित केलं. क्लिंकर (भट्टीतून निघणारा सिमेंटचा मुख्य घटक) निम्मं, सुमारे ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के न भाजलेली चुनखडीची पूड आणि थोडं जिप्सम. माती सुमारे ८०० अंशांवर भाजते, आणि तिच्यात उडून जायला कार्बन नसतोच. उत्सर्जन ३० ते ४० टक्के कमी. यंत्रंही बहुतेक तीच. अडतं ते मानकांच्या पुस्तकात आणि ठेकेदाराच्या सवयीत. रंग जरा वेगळा दिसला तरी ‘हा माल चालणार नाही’ म्हणून परत पाठवतात.

उरलेल्या क्लिंकरसाठी मात्र कार्बन पकडण्याशिवाय गत्यंतर नाही. नॉर्वेतल्या ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यात २०२५ मध्ये तशी यंत्रणा सुरू झाली, वर्षाला चार लाख टन, म्हणजे त्या कारखान्याच्या उत्सर्जनाच्या निम्मा भाग.

शंकेखोर

‘कार्बन पकडू’ हे आश्वासन ऐकून कान किटले. अमेरिकेतल्या केम्पर प्रकल्पावर सात अब्ज डॉलरहून जास्त खर्च झाला आणि २०१७ मध्ये कोळसा वापरून कार्बन पकडायचा मूळ बेत गुंडाळून तो साध्या नैसर्गिक वायूवर चालवला. कोपनहेगनने २०२५ पर्यंत कार्बनमुक्त व्हायचं ठरवलं होतं. कचरा जाळणाऱ्या प्रकल्पातला कार्बन पकडायला निधी मिळाला नाही आणि २०२२ मध्ये ते लक्ष्य सोडून द्यावं लागलं. सायकलींमध्ये आणि घरं तापवायच्या व्यवस्थेत सगळ्यांच्या पुढे असलेल्या शहराची ही गत!

चुनखडी

केम्पर कोळशाचं वीजकेंद्र होतं, त्याला पर्याय होता. सिमेंटला पर्याय सांगा, मग बोलू.

आकडेमोड

पोलादावर कुणीच बोललं नाही म्हणून थोडा हिशोब मांडतो. ब्लास्ट फर्नेसच्या, म्हणजे कोळशावरच्या जुन्या भट्टीच्या, मार्गाने एक टन पोलाद म्हणजे साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड. स्वीडनमध्ये हायब्रिट प्रकल्पाने २०२१ मध्ये कोळशाऐवजी हायड्रोजन वापरून स्पंज आयर्न, म्हणजे पोलादासाठी लागणारं कच्चं लोखंड, काढून दाखवलं, म्हणजे होतं हे सिद्ध झालं. पण टनामागे ५० किलोच्या वर हायड्रोजन लागतो, आणि एक किलो हायड्रोजनला ५० च्या वर युनिट वीज. ते वितळवणारी विजेची आर्क फर्नेस धरून टनाला ढोबळमानाने ३५०० युनिट.

आता हीच वीज कोळशाच्या केंद्रातून घ्या. युनिटला ०.९ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तरी ३.१५ टन होतात. जुन्या भट्टीपेक्षा वाईट! आणि वर्षाला दहा लाख टनांचा, म्हणजे तसा लहानच, कारखाना असेल तर चोवीस तास ४०० मेगावॅट लागतात. आर्सेलरमित्तलने २०२५ मध्ये जर्मनीतले दोन प्रकल्प सोडले, १.३ अब्ज युरोंचं सरकारी अनुदान देऊ केलेलं असताना. वीज स्वस्त आणि स्वच्छ नसेल तर शोध कागदावरच राहतो.

गल्लीतला_अर्थशास्त्री

+१. वीज कितीही स्वच्छ केली तरी मागणी तिच्यापुढे धावतेच. अवांतर: जगातली डेटा सेंटर २०२४ मध्ये सुमारे ४१५ टेरावॅट-तास वीज वापरत होती, आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाने २०३० पर्यंत हा आकडा ९४५ होईल. ‘स्मार्ट शहर’ म्हणून जे अॅप विकतात तेही तिथेच चालतं बरं का.

मेंटेनन्सवाला

सगळे मोठमोठ्या गप्पा मारताय. पंपाकडे परत या. व्हीएफडी बसतो, फोटो निघतात, अहवाल जातो. मग एक दिवस पॅनेलमध्ये धूळ जाऊन ड्राइव्ह ट्रिप होतो. रात्रपाळीला उत्पादन थांबवायचं नसतं, म्हणून तो बायपास करून मोटर थेट विजेवर पूर्ण वेगाने चालवतात आणि व्हॉल्व्ह पुन्हा अर्धा बंद. दुरुस्तीचा पैसा आमच्या बजेटमधून जातो, विजेची बचत अकाउंट्सच्या खात्यात दिसते. मग आम्ही कशाला घाई करू?

पंपवाला

हा प्रतिसाद सगळ्यात कामाचा. यावर उपाय आहे. ऊर्जा सेवा कंपनी स्वतःच्या पैशाने यंत्र बसवते, देखभालही तीच करते आणि होणाऱ्या बचतीतून हिस्सा घेते. ड्राइव्ह बंद पडला तर नुकसान तिचं, मग बघा किती लवकर दुरुस्त होतो.

शंकेखोर

आणि बचत मोजणारा मीटर कुणाचा? त्या कंपनीचाच ना?