एका मनगटावर खस, दुसऱ्यावर हिना: तुमचे अनुभव लिहा

अबोली_ठाणे
पावसाळ्याआधी कपाट आवरताना आजोबांच्या जाकिटाच्या खिशात अत्तराची रिकामी कुपी मिळाली. बूच काढलं आणि थेट मोहम्मद अली रोडवर पोचले. शाळेत होते तेव्हा. आजोबा दर उन्हाळ्यात तिथे खस आणायला जायचे, त्या वर्षी मलाही नेलं. दुकानातल्या चाचांनी काचेच्या काडीने माझ्या उजव्या मनगटावर खस लावलं, डाव्यावर हिना, आणि म्हणाले, "घासायचं नाही. आत्ता काही ठरवायचं पण नाही. फिरून या."

आम्ही क्रॉफर्ड मार्केटपर्यंत चालत गेलो, आंबे घेतले, आणि वाटभर मी हात आलटून पालटून नाकाशी नेत होते. खस थंड, हिरवं, ओल्या मातीतल्या मुळांचं. हिना अगदी उलट. गरम, मसालेदार, सुरुवातीला औषधी, जरा नकोसंच. घरी येईपर्यंत खसचा ओलेपणा ओसरून लाकडाचा, किंचित धुराचा वास उरला होता आणि ते नकोसं हिना गोड झालं होतं. नुसतं हिना हुंगलं असतं तर मी दुकानातच नाक मुरडलं असतं. शेजारी खस होतं म्हणून त्याची ऊब कळली, असं मला आजही वाटतं.

आजोबांनी दोन्ही घेतली. खस उन्हाळ्याला, हिना थंडीला.

तुम्ही असे दोन विरुद्ध सुगंध एकाच वेळी लावून पाहिलेत का? दुकानात, लग्नात, विमानतळावर, कुठेही. लिहा ना.

माई_सातारा
किती छान लिहिलंस गं. आमच्याकडे चैत्रातल्या हळदीकुंकवाला एका हातावर मोगरा, दुसऱ्यावर केवडा लावायची पद्धत होती. मोगऱ्याला सगळ्या हात पुढे करायच्या, केवड्याला निम्म्या मागे घ्यायच्या. मला मात्र केवडाच आवडायचा. कुकर झालाय, नंतर येते.

रानवारा
केवडा +१. व्यापारी केवड्याचं मोठं काम ओडिशात गंजाम जिल्ह्यात चालतं. नरफुलाचं कणीस ऊर्ध्वपातनाला वापरतात.

दुबईकर_पुणेरी
दुबईत देऱ्याच्या अत्तरबाजारात मी एका मनगटावर ऊद (अगरूच्या लाकडाचं अत्तर) आणि दुसऱ्यावर लिंबाळलेलं कोलोन घेतलं होतं. पहिल्या क्षणी कोलोन जिंकलं. एकदम ताजंतवानं, आणि ऊद म्हणजे गोठ्याचा वास, बायको चार पावलं लांब उभी राहिली. गल्ल्या फिरून, चहा पिऊन होईपर्यंत कोलोन संपलं. म्हणजे खरंच नव्हतंच हातावर. ऊद तेव्हा कुठे उमलत होता. लिंबू, संत्रं, बर्गमॉट यांचे रेणू हलके, ते आधी उडून जातात. ऊद, चंदन, खस जड, ते बसून राहतात. पहिल्या दहा मिनिटांवर निकाल देणारा माणूस नेहमी लिंबूच घरी आणणार.

शर्टाच्या बाहीला ऊद पुण्यात उतरल्यावरही होता. धुऊनही होता!

मुक्ता_लंडन
धागा बघून राहवलं नाही. आई आली होती तेव्हा मोठ्या दुकानात तिच्या उजव्या हातावर शनेल नंबर ५ आणि डाव्यावर गेर्लँचं शालिमार घेतलं. एक १९२१चं, एक १९२५चं, जवळजवळ एकाच काळातली, आणि स्वभाव इतके वेगळे. नंबर ५मध्ये आल्डिहाइड्स ही सुगंधी रसायनं भरपूर आहेत, त्यामुळे फुलांच्या आधी एक स्वच्छ, चमचमती लहर येते. शालिमार वर बर्गमॉट आणि खाली व्हॅनिला, धूप, चामडं असं दाट.

आईने उजवा हात हुंगला, "हा तर नव्या साबणाची वडी फोडल्याचा वास." डावा हुंगला आणि गप्प झाली. मग म्हणाली, "देवघर आणि खीर, दोन्ही आहे यात." इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे कुठे ऐकलं नाही. शालिमार घेतलं. ती सणालाच लावते, कितीही सांगितलं तरी.

माई_सातारा
आईंना नमस्कार सांग मुक्ता. खीर!! 😄

संध्याछाया
मी जरा वेगळं लिहिते. कोविडमध्ये माझा वास पूर्ण गेला. फोडणी जळली तरी कळायचं नाही. कान-नाक-घसा डॉक्टरांनी घरीच करायचा सराव सांगितला: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायचं, आणि हुंगताना तो वास आठवायचा. जर्मनीत ड्रेस्डेनच्या हुमेल यांच्या गटाने २००९ मध्ये ही पद्धत मांडली होती, १२ आठवड्यांची. म्हणजे कोविडच्या कितीतरी आधीची. चारही वास एकमेकांपासून मुद्दाम लांबचे घेतात.

पुष्कळ दिवस चारही बाटल्या सारख्याच. काहीच नाही. मग मी डाव्या हातात लवंग आणि उजव्या हातात लिंबाची साल घेऊन एकापाठोपाठ एक हुंगायला लागले. एका सकाळी डावीकडून काहीतरी "आलं". लवंग आहे हे ओळखता आलं नाही, पण उजवीकडे जे नव्हतं ते डावीकडे होतं. मी ओट्यापाशी उभी राहून रडले. लिंबू फार उशिरा आलं, सुरुवातीला तर घाण यायचं. अजूनही कॉफी पहिल्यासारखी नाही. पण त्या दिवशीची लवंग... ज्यांचं गेलंय त्यांनी सराव सोडू नका, एवढंच सांगायला लिहिलं.

अबोली_ठाणे
संध्याताई, वाचून डोळे भरले. लिहिलंत ते फार बरं केलंत. 🙏

रानवारा
ताई, माझ्या वडिलांचा वास अजून परत आला नाहीये. उद्यापासून सुरू करतो. निलगिरीचं तेल औषधाच्या दुकानातलं चालेल ना?

संध्याछाया
हो चालेल. कापसावर थेंब टाकून बाटलीत ठेवा, त्वचेला लावायचं नाही. आणि डॉक्टरांना एकदा दाखवाच.

निशिगंध
ऑफिसच्या लिफ्टमध्ये रोज सकाळी चार-पाच परफ्यूम एकत्र येतात. मायग्रेनवाल्यांकडे पण बघा रे बाबांनो. दोन मनगटं ठीक, पूर्ण अंगाला नको.

दुबईकर_पुणेरी
हे अगदी खरं. कागदाच्या पट्टीवर घ्या, नाव लिहून ठेवा. आवडलं तरच हातावर.

भटक्या_नाशिक
कन्नौजला गेलो होतो कामासाठी. तिथे मिट्टीचं अत्तर आणि गुलाबाचं एकाच कारखान्यात शेजारी शेजारी चालू होतं. तांब्याचा डेग, त्यात पाणी आणि गुलाब (दुसऱ्यात भाजलेल्या मातीचे तुकडे), झाकण चिखलाने बंद, बांबूच्या नळीतून वाफ खालच्या भपक्यात, म्हणजे ती थंड होऊन जमते त्या भांड्यात. भपका पाण्याच्या हौदात बुडवलेला आणि आत चंदनाचं तेल, वास ते धरून ठेवतं. चूल लाकडाची. कारागीर भपक्यावरून हात फिरवून सांगत होता, किती गरम झालं, किती उतरलं.

दोन्ही हातांवर लावून घेतलं. गुलाब बघताक्षणी कळतो, त्याला वेळ द्यावा लागत नाही. माती मात्र आधी कळलीच नाही, नुसतं तेल वाटलं. मग उन्हात बाहेर आलो, हात तापला, आणि पहिला पाऊस पडल्याचा वास! आजूबाजूला कडक ऊन आणि मनगटावर पाऊस. अशा वेळी दुसऱ्या हाताकडे लक्षच जात नाही.

घेणाऱ्यांसाठी: चंदन महाग झाल्यापासून बरेच जण लिक्विड पॅराफिनसारख्या स्वस्त तेलात उतरवतात. बेस काय आहे हे विचाराच. चांगला दुकानदार सरळ सांगतो.

चिमणी
भाऊ आणि मी एकाच वेळी हुंगतो तेव्हा त्याच्या डाव्या हातावरचं मला येतच नाही. त्याला वाटायचं मी चेष्टा करते. नंतर कळलं की काही कृत्रिम कस्तुरींचे वास काही माणसांना ओळखूच येत नाहीत, बाकी नाक ठणठणीत असलं तरी. म्हणून विकत घेताना सोबत दुसरं नाक न्यावंच.

सुरंगी_वेडी
थोडं अवांतर. अत्तर नाही, फुलं. आमच्या वेंगुर्ल्याला सुरंगीचा वळेसर आणि बकुळीचा एकत्र माळायची आजी. दोन्ही सुकले तरी वास जात नाही. सुरंगी मादक, मधाळ, बकुळ शांत. वेणी सोडली की उशीला दोन्ही. मुंबईत सुरंगी कुठे मिळते का हो?

माई_सातारा
आता हंगाम संपला असेल ना?

अबोली_ठाणे
हो, फेब्रुवारी ते एप्रिलच. माझी मामी सावंतवाडीला आहे, विचारून बघते.

मी_नागपूरकर
तुम्ही मनगटावर लावता, आम्ही अख्खं घर खसचं करतो. कूलरला वाळ्याची ताटी, त्यावर पाणी. मे महिन्यातल्या ४५ अंशांत त्या वासानेच निम्मी तलखी जाते. एकदा भाचीने त्याच खोलीत व्हॅनिलावालं काहीतरी फवारलं. दोघांचं अजिबात जमलं नाही, पण आता मला खस कसं आहे हे शब्दांत सांगता येतं: व्हॅनिलात जे जे नाही ते.

दुबईकर_पुणेरी
नागपूरकर 👏

चिमणी
दुकानात मधे मधे कॉफीच्या बिया देतात त्यांचा उपयोग होतो का?

मुक्ता_लंडन
त्यावर प्रयोग झालाय, साध्या हवेपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. मी कोपराच्या आतली स्वतःची त्वचा हुंगते, तिथे काही लावलेलं नसतं. नाहीतर सरळ दुकानाबाहेर यायचं. आणि लिंबूवर्गीय काही लावून उन्हात जाऊ नका, शुद्ध बर्गमॉट तेलाने त्वचेवर डाग पडतात. मावसबहिणीच्या मानेवर पडला होता, जायला महिने लागले.

निशिगंध
डाग? हे माहीतच नव्हतं. आईला सांगते, ती रोज गच्चीवर असते.

भटक्या_नाशिक
रविवारी मोहम्मद अली रोडला जातोय. कुणाला काही आणायचंय का? हिना मलाही बघायचंय.

निशिगंध
मला खस, अगदी छोटी कुपी. बेस विचारून घे.

अबोली_ठाणे
@सुरंगी_वेडी, मामीशी बोलले. यंदाची संपली, पुढच्या मार्चमध्ये वळेसर करून पाठवते म्हणाली. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.