मदत हवी आहे: उन्हाळ्यात समुद्र आणि डोंगर एकाच सहलीत, आधी काय घ्यावं?

नमस्कार मंडळी,

मुलांच्या सुट्टीत स्वतःच्या गाडीने मोठी सहल ठरवतेय. एक टप्पा किनाऱ्याकिनाऱ्याने, दुसरा डोंगरात. डोंगरातला मुक्काम साधारण २८०० मीटरवर आहे आणि त्याआधी ३२०० मीटरची एक खिंड ओलांडावी लागते. परतीच्या वाटेवर एक लांबलचक घाट आहे, सुमारे २००० मीटर सलग उतरायचं.

आम्ही सहा जण. नवरा आणि मी दोघंही गाडी चालवतो. सासरे सत्तरीच्या पुढचे, त्यांना बीपीची गोळी आहे. सासूबाई ठणठणीत आहेत, पण उकाडा त्यांना अजिबात सोसत नाही. मुलं दोन, त्यातल्या धाकटीला गाडी लागते. गाडी पेट्रोलवरची, मॅन्युअल गिअरची, सात सीटची. सामान भरलं की मागचं काहीही दिसत नाही.

काय बघावं, कुठे राहावं हे विचारायला हा धागा काढलेला नाही, ते आमचं झालंय. अडलंय ते आखणीत. घरात दोन तट आहेत. नवरा म्हणतो आधी डोंगर उरकू, मग समुद्रावर निवांत पडून राहू. मला वाटतं आधी समुद्र. पण का, ते मला पटवून सांगता येत नाही.

दुसरं म्हणजे नकाशा जी वेळ दाखवतो तिच्यावर किती विसंबायचं? घाटातल्या एका टप्प्याला तो ५ तास दाखवतोय. लहान मूल, म्हातारी माणसं, दर थोड्या वेळाने थांबणं हे सगळं धरून मी ८ तास लिहून ठेवलेत. नवऱ्याच्या मते मी उगाच घाबरते.

तिसरं, आणि खरं सांगायचं तर रात्री झोप उडवणारं: तो उतार. भरलेली गाडी, मागे आई-बाबा, मांडीवर डोकं ठेवून झोपलेली मुलगी. घाट आम्ही दोघांनीही चालवलेत, पण एवढा लांब उतार, तोही उन्हाळ्यात आणि पूर्ण वजनाने, कधी नाही. तिथे नेमकं काय करायचं, हे कुणीतरी अनुभवी माणसाने पायरीपायरीने सांगावं अशी विनंती आहे.

---

खारावारा:

ताई, आधी समुद्र. तुमचं मन बरोबर सांगतंय. कारण असं की भरलेली गाडी रोजच्या गाडीसारखी वागत नाही. ब्रेक उशिरा लागतो, वळणावर ती बाहेर झुकते, ओव्हरटेकला दम लागतो. हे सगळं सपाटीवर दोन-तीन दिवसांत हाताला कळतं. ते घाटात शिकायची वेळ येऊ नये.

किनाऱ्याचे दिवस मात्र किलोमीटरवर आखू नका, भरती-ओहोटीवर आखा. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणजे रोजची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. पहिल्या दिवशी दुपारी ज्या पुळणीवर मुलं मनसोक्त खेळली, तिथे आठवडाभराने त्याच वेळी पाणीच असेल. तुमच्या तारखांचं भरतीचं वेळापत्रक आधीच काढून ठेवा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा भरती जास्त चढते आणि ओहोटीला पाणी जास्त मागे हटतं. गाडी वाळूवर नेण्याचा मोह कितीही झाला तरी नको. ओली वाळू वरून टणक दिसते, पण चाक एकदा फिरून रुतलं की भरती तुमच्यासाठी थांबत नाही.

पोहण्याबद्दल एकच सांगतो, पण मुलांना घोकून घ्यायला लावा. लाटा फुटत असताना मधेच एखादा पट्टा शांत, गडद आणि न फुटणारा दिसतो. पोहायला तीच जागा बरी वाटते. पण किनाऱ्यावर आलेलं पाणी परत आत जाण्याची वाट बहुतेकदा तीच असते. त्या ओढीत कुणी सापडलं तर किनाऱ्याकडे सरळ पोहत येण्याची धडपड करायची नाही, चांगला पोहणाराही त्यात थकतो. तरंगत राहायचं, हात वर करून हाक मारायची आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर पोहून ओढीच्या बाहेर पडायचं. जीवरक्षक असतील तिथेच उतरा.

आणि डोंगराकडे निघण्याआधी गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या. खाऱ्या हवेने गंज धरतो.

---

पहिलागिअर:

मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूने. चालवणारे ताजेतवाने असताना अवघड भाग आधी व्हावा. सहलीच्या शेवटी सगळेच दमलेले असतात, तेव्हा घाट नको.

आता तुमच्या उताराबद्दल सविस्तर लिहितो, कारण याबाबतीत अर्धवट माहिती फार फिरते.

तुमची गाडी माणसं-सामानासकट अडीच टन धरू. ती २००० मीटर खाली आणायची म्हणजे साधारण साडेतेरा युनिट ऊर्जा कुठेतरी खर्ची पडायला हवी. २ किलोवॅटचा गिझर जवळजवळ पावणेसात तास चालू ठेवल्यासारखं आहे हे. यातली थोडी वाऱ्याच्या विरोधात आणि टायरच्या घर्षणात जाते. उरलेली एक तर इंजिन खाईल, नाहीतर ब्रेक. तुम्ही ती फक्त ब्रेकला दिलीत तर डिस्क आणि पॅड तापत जातात, पकड कमी होते. त्याहून वाईट म्हणजे ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. ऑइल उकळलं की त्यात बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, म्हणून जुनं ऑइल लवकर उकळतं. डॉट ४ प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश असावा लागतो. ओलावा शोषल्यावर तोच १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. दोन वर्षांत बदललं नसेल तर निघण्याआधी बदला. नुसती पातळी बघून ‘ऑइल आहे’ असं कुणी सांगितलं तर ते पुरेसं नाही.

आता प्रत्यक्ष उतरताना. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका, वेग वाढल्यावर नाही. ज्या गिअरमध्ये पाय ब्रेकवर नसतानाही वेग वाढत नाही, तो तुमचा गिअर. दुसरा असेल, कधी पहिलाही असेल. इंजिन मोठ्याने ओरडेल, सासूबाई विचारतील काय झालं म्हणून. काही झालेलं नाही, आरपीएमचा काटा लाल पट्ट्याखाली असला की झालं. ब्रेक वापराल तेव्हा नीट दाबून वेग उतरवा आणि पाय पूर्ण काढा. पाय हलकासा टेकवून कोसच्या कोस उतरणं, यानेच ब्रेक तापतात. आणि न्यूट्रल कधीही नाही, पेट्रोल वाचतं म्हणून तर मुळीच नाही. आधुनिक इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना पेट्रोलचा पुरवठा बंदच होतो, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतं.

जळका, तिखट वास आला किंवा पेडल मऊ लागलं, तर पहिल्या सुरक्षित जागी थांबा. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, अर्धा-पाऊण तास बसा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होऊ शकते किंवा तडकू शकते. निघताना दगड बाजूला करा, मागच्या गाडीला तो नको.

चढताना काळजी वेगळी. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर १००० मीटरला साधारण १० टक्क्यांनी घटते. तापमानाचा काटा वर सरकू लागला तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण सुरू करा. घाम फुटेल, पण इंजिनाची उष्णता बाहेर पडायला वाट मिळते. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका.

---

नाडी:

मी डॉक्टर आहे, पण इथलं लिखाण तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी धरू नका.

आधी समुद्र की आधी डोंगर यापेक्षा महत्त्वाचं आहे ते रात्री किती उंचीवर झोपता. समुद्रसपाटीवरून निघून त्याच रात्री २८०० मीटरवर मुक्काम, हे मला पटत नाही. २५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो, तरुण आणि तंदुरुस्त माणसालाही. ३००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच उरतो. त्रास बहुधा पोचल्यावर लगेच जाणवत नाही, ६ ते १२ तासांनी डोकं धरतं. म्हणून खिंडीत अर्धा तास थांबून खाली उतरणं सहसा निभावतं. प्रश्न रात्रीचा असतो. मधे १५०० ते २००० मीटरवर एक रात्र घाला.

डोकेदुखी, मळमळ, जेवण नकोसं होणं, गळून जाणं, ही चिन्हं दिसली तर आणखी वर जायचं नाही. चालताना तोल जाऊ लागला, बोलण्यात गोंधळ झाला किंवा बसल्याजागी धाप लागली तर रात्र असो वा दिवस, खाली उतरायचं आणि दवाखाना गाठायचा. लहान मुलांना नीट सांगता येत नाही. धाकटी गाडी थांबल्यावर तासाभरातही ताळ्यावर आली नाही, तर ‘गाडी लागली असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

सासऱ्यांच्या गोळ्या निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, त्यात घाम गेला की अंगातलं पाणी आणि क्षार दोन्ही उतरतात. गोळी आपल्या मनाने बंद मात्र करायची नाही. सासूबाईंसाठी किनारा जास्त अवघड आहे. तिथे पारा कमी दिसला तरी दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. ११ ते ४ सावलीत किंवा एसीत.

बंद गाडीत कुणालाही बसवून जाऊ नका, ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणूनही नाही. उन्हात उभ्या गाडीत १० मिनिटांत तापमान साधारण १० अंशांनी चढतं आणि चढतच राहतं.

गाडी लागण्यावर: मधल्या रांगेत, पुढचा रस्ता दिसेल अशी उंच बैठक, हातात मोबाइल किंवा पुस्तक नाही, निघताना पोट तुडुंब नाही आणि रिकामंही नाही. गोळी द्यायची असेल तर घाट सुरू होण्याच्या तासभर आधी, वयानुसार मात्रा विचारून.

---

सावकाशजा:

मधेच विचारतो, माफ करा. असाच बेत आमच्या इलेक्ट्रिक गाडीने जमेल का?

पहिलागिअर:

जमेल. दोन टनांची गाडी १००० मीटर चढवायला सपाटीच्या खर्चावर साडेपाच युनिट जास्त धरा, प्रत्यक्षात थोडे अधिकच. उतरताना त्यातला बराच भाग परत मिळतो. पण माथ्यावर बॅटरी १०० टक्के भरून उतरू नका. भरलेल्या बॅटरीला आणखी वीज घेता येत नाही, मग गाडी मोटरच्या जोरावर रोखली जात नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो.

---

खारावारा:

नकाशाच्या वेळेवर कुणी बोललं नाही. तो न थांबणाऱ्या गाडीची वेळ सांगतो. तुमचे ८ तास योग्य आहेत, त्यातला एकही कापू नका. आणि ते ८ तास पहाटे सुरू व्हायला हवेत. उन्हाळ्यात डोंगरावर जमीन तापून दुपारनंतर ढग चढतात, वीज आणि गारपीट बहुधा तेव्हाच. खिंड दुपारी बाराच्या आत ओलांडलेली बरी. वाटेत बर्फाच्या पाण्याचे ओढे रस्त्यावरून वाहत असतील तर तेही सकाळीच कमी असतात. दिवसभराच्या उन्हाने बर्फ वितळून संध्याकाळी त्यांना जोर येतो.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री घरातल्या सगळ्यांना प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले.

आता बेत असा: आधी समुद्र. मग १७०० मीटरवरच्या एका गावात एक रात्र. तिथून पहाटे निघून खिंड, मग वरचा मुक्काम. ‘शेवटी सगळे दमलेले असतात’ हा पहिलागिअर दादांचा मुद्दा नवऱ्याने उचलून धरला आणि तो खराच आहे. म्हणून उताराचा दिवस वेगळा काढला. त्या दिवशी फक्त घाट उतरायचा, तोही सकाळी, आणि पायथ्याशी राहायचं. घरी दुसऱ्या दिवशी. त्यासाठी किनाऱ्यावरचा एक मुक्काम गेला. मुलं हिरमुसली, पण मला आता शांत वाटतंय.

ब्रेक ऑइलची विचारणा केली. शेवटचं कधी बदललं त्याची नोंदच नाही, त्यामुळे बदलून घेतेय. एक शेवटचा प्रश्न: समुद्रसपाटीवर भरलेली टायरमधली हवा वर गेल्यावर कमी करायची का?

पहिलागिअर:

नाही. वर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो म्हणून गेज जास्त दाखवतं, ३००० मीटरवर साधारण साडेचार पीएसआय. पण तिथे गारवाही असतो, १००० मीटरला सहा-साडेसहा अंश, आणि थंडीने तीनेक पीएसआय उतरतात. फरक किरकोळ उरतो. वर मुक्कामाला पोचलात की दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवण्याआधी, थंड टायरवर एकदा मोजा. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतं. रिकाम्या गाडीचा आकडा वेगळा असतो, तो घेऊ नका. स्टेपनीतली हवा आजच बघा, डिकीत सामान भरण्याआधी.