कूळ, भाडेकरू की पट्टेदार? आणि 'छाननी' की 'चिकित्सा'?

दिठी
नमस्कार मंडळी. शेतजमिनीच्या कायद्यांवरच्या एका इंग्रजी टिपणाचं मराठी करतेय आणि दोन शब्दांवर तीन दिवस अडकलेय. टिपणाचा पहिला भाग 1948 च्या आपल्या कुळकायद्यावर आहे, दुसरा नीती आयोगाने 2016 साली राज्यांपुढे ठेवलेल्या नमुना भाडेपट्टा कायद्यावर. म्हणणं असं की असलं विधेयक एका दिवसात हात वर करून मंजूर करू नका, विधिमंडळाच्या समितीत त्याची कलमवार... काय? मी 'छाननी' लिहिलं. तपासणाऱ्या सरांनी ते खोडून 'चिकित्सा' केलं. मग दिल्लीहून हिंदीवाल्या बाईंचा फोन, की चिकित्सा म्हणजे विधेयकावर औषधोपचार करायचेत का.
दुसरा घोळ मोठा. मी टेनंटला सगळीकडे 'कूळ' लिहिलं होतं, सरांनी सगळीकडे 'भाडेकरू' केलं. का, तर आजच्या वाचकाला कूळ कळत नाही. मला ते पटत नाहीये पण नेमकं का पटत नाही तेही सांगता येत नाहीये. शनिवारपर्यंत द्यायचंय.

कातळ
ताई, भाडेकरू खोलीत राहतो हो. शेतात राबतो तो कूळ. आमच्या रत्नागिरीकडे कुणाला 'तुझा आजा भाडेकरू होता' म्हणून बघा, तो म्हणेल आम्ही काय मुंबईला चाळीत होतो का.

शुद्धमती
'छाननी' सोडाच. ते हिंदी 'छानना'वरून आलंय, आपण चाळतो, पाखडतो, निवडतो. 'चिकित्सा' हा मराठीत रुळलेला अर्थ आहे, बारकाईने तपासणं. चिकित्सक माणूस म्हणजे डॉक्टर नव्हे. महाभारताची चिकित्सक आवृत्ती आपण म्हणतोच ना? हिंदीत काय अर्थ होतो त्यावर मराठीने का चालावं.

जुना दप्तरी
रेकॉर्डच्या कामात आयुष्य गेलं म्हणून सांगतो. निवडणुकीच्या उमेदवारी अर्जांची छाननी असते, म्हणजे कागद पुरे आहेत का, सही आहे का, अर्ज बसतो की बाद. विधेयकाची चिकित्सा म्हणजे कलम बरोबर आहे का यावर वाद घालणं. दोन्ही मराठीच आहेत, काम वेगळं आहे. 2024 ला जनसुरक्षा विधेयक गेलं होतं ते संयुक्त चिकित्सा समितीकडेच. लोकसभेच्या बातम्यांत मात्र 'प्रवर समिती' लिहितात, तो शब्द हिंदीतून आला. तेव्हा इथे तुमचे सर बरोबर.
भाडेकरूबद्दल मात्र पूर्ण चूक. कायद्याचं नावच 'मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम', आता मुंबईच्या जागी महाराष्ट्र. सातबाऱ्यावर रकाना आहे 'कुळ, खंड व इतर अधिकार'. तिथे भाडेकरू लिहून बघा.

दिठी
दप्तरीकाका धन्यवाद. पण सातबाऱ्यावर 'कुळ' ऱ्हस्व आणि मी 'कूळ' दीर्घ लिहिते, सरांनी त्यावरही गोल केलाय.

जुना दप्तरी
एकटा शब्द असेल तर कूळ, पुढे प्रत्यय किंवा शब्द जोडला की कुळाचा, कुळकायदा. छापील नमुन्यात चुकलंय ते चुकलंय, तिथून शुद्धलेखन शिकू नका.

पाणंद
विदर्भातून. आमच्याकडे कूळ शब्द कागदावरच, बोलताना मक्ता नाहीतर ठेका. 'त्याने चार एकर मक्त्याने केली'. कायदाही वेगळा, 1958 चा विदर्भ प्रदेशाचा. त्याआधी मालगुजारी होती, म्हणजे सारा गोळा करणारा मालगुजारच गावाचा मालक, ती 1950 च्या मध्य प्रदेशच्या कायद्याने गेली कारण आम्ही तेव्हा तिकडे होतो. म्हणजे 'मराठी वाचक' असा एक वाचक धरून शब्द निवडताय तिथेच पहिली अडचण आहे.

गोदाकाठ
आणि मराठवाड्यात हैदराबादचा 1950 चा. माझे आजोबा 'शिकमीदार' म्हणायचे, कागदावर 'संरक्षित कूळ'. आता सगळे बटई म्हणतात. बटई वेगळी हं, पीक वाटून घ्यायचं. पैसे ठरवून दिले की ठोका.

सावली
मी दुसऱ्या बाजूची आहे, बोलू का. आमची आजी 1951 ला विधवा झाली, वाईजवळ दोन तुकडे. 1 एप्रिल 1957 ला कसणारा मालक झाला पण जमीनमालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असेल तर कुळाचा खरेदीचा हक्क पुढे ढकलला होता, त्याच कायद्याचं कलम 32 फ. आजी 1979 ला गेली. मग कुळाने मुदतीत नोटीस द्यायची होती ती दिली की नाही यावर केस, वडिलांनी चौदा वर्षं चालवली. शेवटी जमीन गेलीच. आमच्या घरात 'कूळ' हा शब्द मोठ्याने कुणी उच्चारत नसे, 'तो' म्हणायचे. 'त्याचा' माणूस आला. म्हणून मला भाडेकरू वाचलं की बरंच वाटतं, त्यात काही जळत नाही. पण तेच चूक असेल तुमच्या कामासाठी, कळतंय मला.

कातळ
सावलीताई तुमचं दुःख खरं आहे, नाकारत नाही. आता आमचं ऐका. आजोबा कूळ. सावकाराच्या घरी खंडाचं, म्हणजे जमीन कसण्याबद्दल द्यायचं, भात घालायला जायचे तेव्हा ओटीवरून आवाज यायचा, 'अगो आपलं कूळ आलंय, पाणी दे त्याला'. पाणी पडवीखाली. आपलं कूळ म्हणजे आपली गाय म्हणतात तसं. पुढे 32 ग ची सुनावणी झाली, किंमत ठरली, हप्ते भरले, 32 म चं खरेदीचं प्रमाणपत्र मिळालं. ते बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आहे, तीन घड्या, घडीवर शाई उडालीय, आणि आजोबांच्या नावात काना राहिलाय. माझी आत्या अजून दिवाळीला तो डबा पुसते. म्हणून भाडेकरू म्हटलं की मला राग येतो. भाडेकरूला कधी अशी जमीन मिळाली नाही.

शुद्धमती
भावना ठीक पण व्युत्पत्ती बघा. कूळ म्हणजे मुळात संस्कृत कुल, घराणं. कुळस्वामी, कुळाचार. सारा देणारं एकेक घर म्हणजे एकेक कूळ आणि त्यांचा हिशेब लिहितो तो कुलकर्णी. म्हणजे मूळ शब्दात कमीपणा कुठेच नाही, उलट गावाचं खातं चालवणारं घर. कुणबी हाही त्यातलाच, कुळ + बी, बी पेरणारं कूळ.

जुना दप्तरी
कुलकर्णीपर्यंत ठीक. कुणबी मात्र कुटुंबिन् वरून सांगतात, त्यात 'बी' पेरू नका. सावकाराच्या ऋणकोलाही जुन्या बोलण्यात कूळ म्हणत, 'त्या सावकाराची शंभर कुळं'. घर, मग सारा देणारं घर, मग देणं लागणारा माणूस, असा शब्द उतरत गेला असावा. खोतीत, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या खोताच्या अमलात, तर दोन्ही एकाच अंगावर आलं, खंडही द्यायचा आणि कर्जही.

कातळ
म्हणूनच बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 ला मुंबई विधानसभेत खोती नष्ट करायचं विधेयक आणलं. आणि 10 जानेवारी 1938 ला कोकणातली कुळं मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेली. अलिबागेत चरीचा संप तर 1933 पासून चालू होता, नारायण नागू पाटलांचा, 1939 पर्यंत शेतं पेरली नाहीत लोकांनी. सहा पावसाळे. ती चिकित्सा होती, रस्त्यावरची. खोती कायद्याने गेली 1949 च्या कायद्याने, मधे किती वर्षं गेली बघा.

दिठी
हे टिपणात नाहीये आणि असायला हवं होतं. मला एक विचारायचंय, दुसऱ्या भागाचं काय करू? नमुना कायद्यात मुद्दाम लिहिलंय की मुदत संपली की जमीन परत मालकाकडे, घेणाऱ्याला कब्जेहक्क मिळणार नाही. तिथे 'कूळ' लिहिलं तर?

सावली
तर माझ्यासारख्या घरातला माणूस घाबरेल. आजही वडील जमीन कुणाला द्यायची तर तोंडी देतात, एक हंगाम, दुसऱ्या वर्षी दुसरा माणूस, कागद नाही. का, तर 'कूळ लागेल'. कूळ *लागतं*, बघा क्रियापद. कीड लागते, भूत लागतं तसं.

कातळ
नोकरीही लागते ताई. दिवाही लागतो.

पाणंद
पण ताईंच्या तोंडी देण्यात नुकसान कसणाऱ्याचं होतं, ते कुणी बोलत नाही. कागद नाही म्हणून पीककर्ज नाही, गारपीट झाली तर भरपाई सातबाऱ्यावरच्या मालकाच्या खात्यात. माझा शेजारी सात एकर ठेक्याने करतो, कुठल्याच कागदावर तो नाही. त्याला कूळ म्हणा, भाडेकरू म्हणा, आधी कागदावर तर आणा.

शुद्धमती
मग 'पट्टेदार' घ्या की. भाडेपट्टा घेतो तो पट्टेदार, स्वच्छ शब्द.

पाणंद
अजिबात नको. गडचिरोली नंदुरबारकडे 'पट्टा मिळाला' म्हणजे 2006 च्या वनहक्क कायद्याने जमीन नावावर झाली. वनपट्टा. तिथला माणूस पट्टेदार वाचून समजेल की मालकच झाला, आणि तुमचा कायदा सांगतोय नेमकं उलट.

तिसवाडी
गोंयकार बोलतोय. आमच्याकडे दोन वेगळे, कूळ आणि मुंडकार. कूळ शेत कसतो, मुंडकार भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर बांधून राहतो. कुळांचा कायदा 1964 चा, मालकी आली 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने, मुंडकारांचा वेगळा 1975 चा. इंग्रजी कागदात दोघांनाही टेनंट लिहून मोकळे होतात काही जण. आणि चिकित्सेचं म्हणाल तर 2014 ला दुरुस्ती आली, कुळांचे खटले मामलेदाराकडून दिवाणी कोर्टात नेले, वर अर्ज करायला तीन वर्षांची मुदत घातली. लोक चिडले, पुढे ते मागे घ्यावं लागलं. आधी नीट चर्चा झाली असती तर सत्तरीतल्या म्हाताऱ्याला दिवाणी कोर्टाचा जिना चढायला लागला नसता. त्याला मामलेदार माहीत होता, वकील नाही.

दिठी
तिसवाडीदादा, हे उदाहरण घेऊ का टिपणात, माझ्या नावाने तळटीप म्हणून?

तिसवाडी
घे गो. फक्त 'सेवक' नको लिहू मुंडकाराला, एकाने लिहिलेलं.

गोदाकाठ
शब्द कसा उलटतो त्याचं एक आमच्या नदीच्या वरच्या अंगाचं. नगर जिल्ह्यात हरेगावकडे 'खंडकरी शेतकरी' म्हणजे कोण माहितीये? खंड देणारे नव्हेत, घेणारे! ज्यांनी इंग्रजांच्या काळात खाजगी साखर कारखान्यांना जमिनी खंडाने दिल्या ते मूळ मालक. 1961 च्या कमाल धारणेच्या, म्हणजे एकाकडे किती जमीन असावी ते ठरवणाऱ्या, कायद्याने कारखान्यांच्या जमिनी गेल्या, शेती महामंडळाकडे आल्या, आणि यांची पुढची पिढी पन्नास वर्षं आपलीच जमीन मागत राहिली. कोकणात खंडकरी म्हटलं तर कूळ समजतील.

कातळ
समजतीलच, आमच्याकडे तोच अर्थ आहे. हे नवीन कळलं.

जुना दप्तरी
याच कायद्याच्या मराठीतले दोन शब्द देतो, सरांना दाखवा. एक 'अज्ञान', म्हणजे अठरा वर्षांखालचा. सातबाऱ्यावर 'अ. पा. क.' दिसतं ते अज्ञान पालनकर्ता. सावलीताईंनी वर बरोबर वापरलाय. दुसरा 'मानीव'. 1957 ला कूळ झाला 'मानीव खरेदीदार', खरेदीखत नाही पण कायद्याने खरेदी मानली. हे सगळे शब्द आजच्या वाचकाला कळत नाहीत म्हणून बदलायचे तर त्याच्या आज्याचा कागद त्याला कधीच वाचता येणार नाही.

शुद्धमती
'मानीव' घडवलेला शब्द आहे, बोलीत नव्हता. पण आता सोसायट्यांचं 'मानीव अभिहस्तांतरण' म्हणून शहरात पोचलाय हे कबूल.

गोदाकाठ
चिकित्सेवर एक राहिलं. 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने नववी अनुसूची आली त्यात दुसऱ्याच क्रमांकावर आपला 1948 चा कुळकायदा. म्हणजे मूलभूत हक्कांच्या नावाखाली कोर्टाने तो रद्द करू नये म्हणून. कोर्टातली तपासणी कमी झाली की सभागृहातली जास्त कडक हवी, हा मुद्दा तुमच्या टिपणात हवा.

सावली
हे मला पटतं. आमच्या केसमध्ये चौदा वर्षं भांडण झालं ते एका नोटिशीच्या मुदतीवरून, ती ओळ कुणीतरी सभागृहात बसूनच मान्य केली असेल ना.

दिठी
आज पाठवतेय. पहिल्या भागात सगळीकडे कूळ ठेवलंय. दुसऱ्या भागात 'खंडाने जमीन घेणारा शेतकरी', लांब आहे पण खोटं नाही. चिकित्सा सरांचीच ठेवली, कंसात काही नाही. सर म्हणाले कूळ चालेल पण तळटीप द्या. दप्तरीकाका, तळटिपेत एका वाक्यात कूळ म्हणजे काय लिहू?

पाणंद
'खंडाने' विदर्भात कळेल, पण 'मक्त्याने' कंसात टाका.

शुद्धमती
मक्ता फारसी आहे.

पाणंद
अरबी. आणि आमच्या बापजाद्याचा आहे.

जुना दप्तरी
दिठी, तळटीप अशी घे: दुसऱ्याच्या मालकीची शेतजमीन कायदेशीरपणे कसणारा. 'कायदेशीरपणे' गाळू नकोस, अर्धे खटले त्या एका शब्दावर चालतात.

कातळ
आणि 'कसणारा' आधी घ्या, 'दुसऱ्याच्या मालकीची' नंतर.