झरमॅट डिसेंबर: विम्याचं आधी बघा

ताई (पाचपाखाडी): मंडळी, स्वित्झर्लंडच्या स्की ट्रिपचा अ‍ॅडव्हान्स भरायच्या आधी एक. एजंटने पाठवलेली पॉलिसी काल रात्री पूर्ण वाचली. हिवाळी खेळ वगळलेत. म्हणजे स्की करताना पडलो तर एक पैसा मिळणार नाही.

मामा (घोडबंदर): सकाळी सकाळी अभद्र नको गं. व्हिसाला ३०,००० युरोचं कव्हर लागतं, तेवढं आहे. झालं.

दादा (ऐरोली): व्हिसाचेच माणशी ९० युरो. मी आधीपासून म्हणतोय गुलमर्ग करू. व्हिसा नको, काही नको.

मामा (घोडबंदर): गुलमर्ग तू मागेही म्हणालास आणि ऐनवेळी टांग दिलीस. अ‍ॅडव्हान्स माझा बुडाला.

दादा (ऐरोली): आईचं ऑपरेशन होतं मामा. किती वेळा सांगू?

मोठी मावशी: भांडू नका रे. झरमॅटला गाड्या चालत नाहीत म्हणे, मग बॅगा कोण उचलणार?

वहिनी: मावशी, अलीकडच्या टेश गावापर्यंत गाडी, पुढे ट्रेन. गावात विजेवरच्या टॅक्सी असतात.

ताई (पाचपाखाडी): विम्याचं कोणीच बोलत नाहीये.

चिंटू: मी डायरेक्ट काळ्या उतारावर 😎

वहिनी: तू आधी निळ्यावर, म्हणजे सोप्या उतारावर, उभा राहा. सुनेगाला नवशिक्यांची जागा आहे, तिथेच शिकायचं. लाल-काळे अवघड असतात, ते नंतर.

मोठी मावशी: मेतकूट आणि भाजणी मी आणते.

मामा (घोडबंदर): भाजणी २ किलो 👍

ताई (पाचपाखाडी): तिसऱ्यांदा लिहितेय, रागावू नका. मनालीजवळ सोलंगला ह्यांचा गुडघा फिरला तेव्हा 'साहसी खेळ' म्हणून क्लेम नाकारला होता. एफडी मोडून ऑपरेशन केलं. अजून तलावपाळीची एक फेरी मारताना दोनदा कठड्याला टेकतात. आणि तिकडे तर उतारावरून स्लेजने खाली आणायचेही पैसे लावतात. हेलिकॉप्टर आलं तर विचारूच नका. स्की कव्हर वेगळं घ्यावंच लागेल. कोणाकोणाचं घेऊ?

दादा (ऐरोली): आलोच तर आमच्या तिघांचं घे.

मामा (घोडबंदर): "आलोच तर". वाचा सगळ्यांनी.

मोठी मावशी: माझंही घे गं. मी स्की करणार नाही, पण बर्फावर पाय घसरायला कितीसा वेळ?

ताई (पाचपाखाडी): घेते मावशी. मामा?

मामा (घोडबंदर): माझं आणि मामीचं घाल. आकडा मला पर्सनलवर पाठव, ग्रुपवर नको.