मदत हवी आहे: 'आलिया' नाव अरबीत नेमकं कसं लिहायचं?

मंडळी, भाचीचं नाव 'आलिया' ठरलं आहे. तिच्यासाठी ते अरबी लिपीत सुलेखन करून भेट द्यायचंय, पण शब्दलेखनावर गाडी अडली आहे.

नावांच्या साइटवर कुठे 'उच्च', कुठे 'आकाश', तर कुठे 'स्थलांतर' असा अर्थ दिसला. 'स्थलांतर' हा हिब्रू शब्दाचा अर्थ, तो इथे लागू नाही एवढं कळलं. मग शब्दकोश पाहिला, तर अरबीत दोन जवळची नावं निघाली. दोघांचं मूळ उंचीचंच. अरबी अक्षरांत एक असं: ऐन-अलिफ-लाम-ये आणि शेवटी ते मरबूता (स्त्रीलिंगी शब्दांच्या शेवटी येणारं अक्षर). यात पहिला 'आ' दीर्घ, अर्थ उंच, थोर. दुसरं ऐन-लाम-ये-अलिफ-हमजा; उच्चार 'अल्या'कडे झुकणारा, अर्थ उंची, थोरवी. दोन्ही खरोखर वापरात आहेत: इराकच्या राणी आलिया पहिल्या प्रकारच्या, तर अम्मानच्या विमानतळाला ज्यांचं नाव आहे त्या जॉर्डनच्या राणी दुसऱ्या. रोमन लिपीत मात्र दोन्ही सारखीच दिसतात, घोळ तिथेच होतो.

आम्ही पहिला 'आ' लांबवूनच हाक मारतो, म्हणून मला पहिलं रूप बरोबर वाटतं. नाव बदलायचं नाही, त्यामुळे पर्यायी नावं किंवा अंकशास्त्र नको. सुलेखन शाईचं आहे, नंतर दुरुस्त करता येणार नाही.

अरबी जाणणाऱ्यांनी सांगावं: आमच्या उच्चाराला पहिलंच रूप घ्यायचं ना? आणि आजच्या अरब घरांत मुलींसाठी यातलं कोणतं जास्त ऐकू येतं, की ते देशागणिक बदलतं?