शिकारी पक्षी ओळखताना आधी काय पाहावे : उडण्याची ढब की पिसांचा तपशील?

खाडीकाठ (ऐरोली) :

गेल्या जानेवारीत ऐरोलीच्या खाडीकाठी आम्ही चौघे उभे असताना एक गडद तपकिरी पक्षी कांदळवनावरून घिरट्या घालत आमच्या दिशेने आला. आमच्यापैकी एकाने पाच-सहा छायाचित्रे टिपली, त्यांतले एक कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठे करून पाहिले आणि शेपटीला खाच नाही, कड सरळ आहे, एवढ्याच आधारावर तो गडद रूपातला बूटेड ईगल (एक लहान गरुड) असल्याचे ठरवले. मीही त्या पडद्यावर वाकलो होतो. तेवढ्या वेळात पक्षी डोक्यावरून निघून गेला, आणि जाताना तो शेपटी सुकाणूसारखी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पिळत होता हे फक्त चौथ्या सोबत्याने पाहिले. ती आपली नेहमीची घार होती. घारीने शेपटी पूर्ण पसरली की खाच मिटते, आणि निवडलेल्या छायाचित्रात नेमका तोच क्षण पकडला गेला होता.

माझे म्हणणे असे आहे, की पक्षी नजरेच्या टप्प्यात आहे तोवर दुर्बीण डोळ्यांवरून काढू नये आणि रंगापेक्षा शरीराची ठेवण व उडण्याची ढब यांना आधी महत्त्व द्यावे. ठाणे खाडीच्या पूर्व काठावर आपल्याला सकाळी सूर्य पाठीशी मिळतो. दुपारनंतर मात्र आपण पश्चिमेला, म्हणजे थेट उजेडाकडे तोंड करून उभे असतो आणि पाण्यावरचा प्रत्येक पक्षी काळी आकृती होऊन जातो. त्या आकृतीत तांबूस, चॉकलेटी, करडा असा कोणताच रंग उरत नाही. पंखांची लांबी, ते धरण्याचा कोन, शेपटीची कड आणि पंख मारण्याची लय एवढ्याच गोष्टी हाती लागतात.

आपल्या खाडीवर सर्वाधिक गफलत होते ती घार, ब्राह्मणी घारीचे पिल्लू आणि दलदल भोवत्याची (मार्श हॅरियर) मादी या तिघांत. प्रौढ ब्राह्मणी घार विटकरी अंगामुळे आणि पांढऱ्या डोक्या-छातीमुळे लहान मुलालाही सांगता येते, पण तिचे पिल्लू पहिल्या वर्षी घारीसारखेच तपकिरी असते आणि तेथे शेपटीच वाट दाखवते : घारीच्या शेपटीला खाच असते, ब्राह्मणीची शेपटी गोल असते. यातही एक मेख आहे. घारीच्या पिल्लांची खाच उथळ असते, त्यामुळे पक्षी शेपटी मिटून सरळ जाईपर्यंत वाट पाहण्याचा संयम लागतो. भोवत्या साधारण ऑक्टोबर ते मार्च या काळात दिसतो. तो कांदळवनाच्या आणि पाणगवताच्या माथ्यालगत, कमी उंचीवरून उडतो, दोन-चार वेळा पंख मारतो आणि मग अर्धवट उघडलेल्या पुस्तकाच्या पानांसारखे पंख वर धरून तरंगत जातो, तर घार तरंगताना पंख सपाट किंवा किंचित खाली झुकलेले ठेवते. मादीचे डोके आणि गळा मलईच्या रंगाचे असतात हे खरे, पण ते डोके दिसण्याच्या कितीतरी आधी पंखांचा कोन दिसतो.

आणि जे ठरले नाही ते ‘अनोळखी शिकारी पक्षी’ असेच नोंदवावे. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर तशी सोय आहे आणि ती वापरण्यात मला कमीपणा वाटत नाही.

येऊरची पायवाट (ठाणे) :

मी या मांडणीशी असहमत आहे. तुम्ही सांगितलेल्या प्रसंगात दोष छायाचित्राचा नव्हता, पाच-सहा चित्रांपैकी एकाच चित्रावर निकाल देण्याचा होता. बूटेड ईगलच्या मानेला लागून, दोन्ही पंखांच्या मुळाशी, समोरून पाहिल्यास एकेक पांढरा ठिपका दिसतो. पक्षी तुमच्याकडे येत असतानाची चित्रे तुमच्या हाती होती. त्यांत हे ठिपके शोधले असते, तर ते नाहीत हे तेथेच कळले असते आणि शेपटीचा प्रश्न उरला नसता.

खाडीवर आभाळ मोकळे असते, म्हणून तुम्हाला ढब पाहायला मिळते. येऊरच्या जंगलात पक्षी दोन झाडांच्या मधल्या फटीतून दोन सेकंद जातो आणि ढब ओळखण्याइतका अवधीच मिळत नाही. शिवाय ढब फसवते. याचे सर्वांत चांगले उदाहरण शिकारी नसलेल्या पक्ष्याचे आहे. ‘पेरते व्हा’ म्हणून ज्याची हाक आपण पावसाच्या तोंडावर ऐकतो तो पावशा शिक्रा या लहान शिकारी पक्ष्यासारखाच चार वेळा पंख मारून तरंगतो, फांदीवर उतरण्याची पद्धतही तीच, वरून राखाडी आणि खालून तांबूस असा रंगही जवळजवळ तोच, आणि त्याचे पिल्लू शिक्र्याच्या पिल्लासारखे छातीवर तपकिरी ठिपके घेऊन येते. तो जवळ आला की लहान पक्षी शिक्रा आल्यासारखे बिथरतात. ज्यांचा जीव त्या ओळखीवर अवलंबून आहे ते पक्षी ढब पाहून फसत असतील, तर आपण तिच्यावर निर्धास्त विसंबावे असे मला वाटत नाही. पावशाची चोच आकडीसारखी नसते आणि त्याच्या पायाची दोन बोटे पुढे व दोन मागे असतात. हे दोन्ही तपशील छायाचित्रातच नीट सापडतात.

खुद्द शिक्रा आणि त्याच्यासारखाच दिसणारा बेसरा यांतही तेच. शिक्र्याच्या गळ्यावरची उभी रेघ पुसट असते, बेसराची ठळक आणि गडद असते. शिक्र्याच्या पंखांची खालची बाजू फिकट, बेसराची दाट पट्ट्यांची. हिवाळ्यात क्वचित येणारा स्पॅरोहॉक वेगळा काढायचा तर पसरलेल्या पंखाच्या टोकाची सुटी ‘बोटे’ मोजावी लागतात : शिक्र्याला पाच, स्पॅरोहॉकला सहा. उडत्या पक्ष्याची बोटे दुर्बिणीतून मोजणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

सीवूड्सची रहिवासी :

मला हा प्रश्न नोंदीच्या बाजूने महत्त्वाचा वाटतो. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये घोषित झाले आणि 2022 मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला; तरीही सीवूड्स आणि उरणजवळच्या पाणजेसारख्या पाणथळ जागांसाठी नागरिकांना दाद मागत फिरावे लागले आहे. अशा ठिकाणी मोठा ठिपकेदार गरुड उतरला असे आपण म्हणतो, तेव्हा जागतिक यादीत ‘असुरक्षित’ ठरलेल्या जातीचा दाखला आपण देत असतो. स्टेप गरुड तर ‘संकटग्रस्त’ गणला जातो. हे दोघे दुरून पाहिल्यास सारखेच गडद, सारखेच रुंद पंखांचे. त्यांच्यातला एक भरवशाचा फरक चोचीच्या कोपऱ्यापासून मागे जाणाऱ्या पिवळ्या रेघेत आहे : ठिपकेदार गरुडाची रेघ साधारण डोळ्याच्या मध्याखाली संपते, स्टेप गरुडाची डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत जाते. नाकपुडी ठिपकेदार गरुडात गोल, स्टेपमध्ये लांबट असते. ‘मला तो उडताना तसा वाटला’ हे वाक्य घेऊन मी कोणत्याही अधिकाऱ्यासमोर उभी राहू शकत नाही.

खाडीकाठ (ऐरोली) :

पांढऱ्या ठिपक्यांचा मुद्दा मला मान्य आहे; ते आम्ही शोधायला हवे होते. गरुडांच्या बाबतीत चोचीची रेघ निर्णायक ठरते हेही मान्य. तरीही छायाचित्राची एक मर्यादा तुम्ही दोघांनी विचारात घेतलेली नाही. पंख वर उचललेला पक्षी चित्रात दिसतो, तेव्हा तो भोवत्यासारखा पंख वर धरून तरंगतो आहे की घारीसारखा पंख मारताना त्या स्थितीतून जातो आहे, हे एका चित्रावरून सांगता येत नाही. बोटे मोजण्याचेही तसेच : पिसे झडण्याच्या काळात एखादे पीस गळून नवे अर्धेच वाढलेले असते, आणि सहाची पाच बोटे दिसतात.

दुर्मीळ नोंदीला छायाचित्र जोडलेच पाहिजे. माझा आग्रह क्रमाबद्दल आहे. पक्षी दिसेनासा होताच, पडद्याकडे न पाहता, वहीत चार ओळी लिहाव्यात : पंख कसे धरले होते, शेपटी हलत होती का, किती उंचीवरून गेला, उजेड कोठून होता. त्यानंतर चित्र उघडावे. आधी चित्र पाहिले की आठवण त्या चित्राप्रमाणे बदलते, आणि मग वहीत आपण पाहिलेले नव्हे तर पडद्यावरचेच उतरते.

खारघर टेकडी :

एक लहानशी भर घालतो. हिवाळ्यात आमच्या टेकडीवर एका जागी पंख फडफडवत तरंगणारा पक्षी दिसला की लोक लगेच खरुची (केस्ट्रल) म्हणून मोकळे होतात. कापशी घारही तशीच तरंगते, आणि ती बारमाही आहे. खरुचीची पाठ विटकरी आणि शेपटी लांब, कापशी राखाडी-पांढरी, खांद्यावर काळा डाग आणि शेपटी आखूड. सापमार गरुडही असाच तरंगतो, फक्त तो आकाराने कितीतरी मोठा असतो आणि दूर अंतरावर, शेजारी मापाला दुसरा पक्षी नसताना, आकाराचा अंदाज सपशेल चुकतो. ढब येथे तीन नावांपर्यंत आणून सोडते. पुढचे काम रंगाला आणि शेपटीलाच करावे लागते.

येऊरची पायवाट (ठाणे) :

वहीचा क्रम मला पटला आणि या हिवाळ्यात मी तो पाळून पाहणार आहे. न्यायाने हेही सांगायला हवे, की माझ्याच जंगलातला मधुबाज तुमच्या बाजूने साक्ष देतो. त्याचा रंग जवळजवळ पांढऱ्यापासून गडद तपकिरीपर्यंत काहीही असू शकतो, पोटावरच्या पट्ट्याही दर पक्ष्याला वेगळ्या, आणि नुसत्या पिसांवरून मी त्याला दोनदा तुरेवाला गरुड ठरवून बसलो आहे. त्याला सोडवते ते लांब मानेवरचे कबुतरासारखे बारीक डोके, म्हणजे ठेवणच.

एका मुद्द्यावर मात्र मी मागे येत नाही. उजेडाविरुद्धची काळी आकृती, कितीही ओळखीची वाटली तरी, पाहणाऱ्याने जातीच्या नावाने नोंदवू नये.

खाडीकाठ (ऐरोली) :

नेहमीच्या घारीसाठी मी तसे नोंदवतो आणि पुढेही नोंदवीन. शेपटी पिळत वळणारी आकृती माझ्या मते पुरेसा पुरावा आहे. भोवत्यासाठी, पंखांचा कोन स्पष्ट दिसला तरी, तुमची अट मान्य करतो, कारण त्याच्या कुळातले इतर भोवतेही पंख तसेच धरतात आणि संध्याकाळच्या उजेडात त्यांच्या कंबरेवरचा पांढरा पट्टा दिसत नाही.