शब्दचर्चा : 'इफेमेरा'ला मराठीत काय म्हणावं?

एका प्रदर्शनाच्या पाट्यांच्या भाषांतरात अडलोय. बसचं तिकीट, नाटकाचं हँडबिल, लग्नपत्रिका, काडेपेटीवरचा छाप, साबणाचं वेष्टन... काम झालं की फेकायचं म्हणूनच छापलेलं, आणि तरीही कुणीतरी डब्यात जपून ठेवलेलं. इंग्रजीत या सगळ्याला मिळून 'इफेमेरा' म्हणतात. कोशात 'क्षणभंगुर', 'अल्पजीवी' सापडतं. पण प्रदर्शनाच्या दारावर 'क्षणभंगुर वस्तू' अशी पाटी लावली, तर लोक कीर्तन आहे समजून चपला काढून आत येतील.

*

मूळ ग्रीक. 'हेमेरा' म्हणजे दिवस, त्यावरून दिवसापुरतं ते 'इफेमेरॉन'. इफेमेरा हे त्याचं अनेकवचन, पण मराठीत शेवटच्या आकारामुळे 'ती इफेमेरा' होणार, थांबवता येणार नाही. इफेमेरिस हा शब्दही याच मुळातला. रोजची ग्रहस्थिती देणारं कोष्टक, म्हणजे आपलं पंचांगच की! आणि पाडवा उलटला की तेच पंचांग इफेमेरात जमा. संस्कृतात 'ऐकाहिक' शब्द अर्थाला तंतोतंत बसतो, पण तो ज्वराच्या पुढेमागेच वावरतो. तिकिटाला ताप आल्यासारखं वाटेल.

*

चिटोरं! आमच्या घरी 'ती चिटोरी आवर आधी' हे वाक्य रोजचं होतं.

*

चिटोरं म्हणजे फाडलेला, हाताने काहीतरी खरडलेला कपटा. कोऱ्या करकरीत लग्नपत्रिकेला चिटोरं म्हणून बघा, यजमान जेवायला वाढणार नाहीत. (आणि 'क्षणिका' कुणी सुचवू नका, ती कवींनी आधीच नेली आहे.)

मला वाटतं, आपण आयुष्य मोजतोय तिथेच घोळ आहे. लंडनमध्ये १९७५ साली इफेमेरा सोसायटी काढणारे मॉरिस रिकर्ड्स यांची व्याख्या साधारण अशी : रोजच्या जगण्यातले किरकोळ, तात्पुरते दस्तऐवज. कागद किती टिकतो याच्याशी तिला कर्तव्य नाही, त्याचं काम किती वेळ चालतं याच्याशी आहे. आपल्याकडे 'कामापुरता मामा' आहेच. मग 'कामापुरते कागद' का नको?

माझ्याकडे आईने वापरलेल्या कालनिर्णयचं एक जुनं जूनचं पान आहे. १७ तारखेच्या चौकोनात 'सिलिंडर लावला'. चार ठिकाणी दुधाचे खाडे, फुल्या मारून. एकदा 'अर्धा जास्त', पाहुणे आले असणार. २३ ला नुसतं 'भाऊ', पुढे काही नाही. महिनाअखेरीस दुधाचा हिशेब झाला तेव्हा त्या पानाचं काम संपलं. मागच्या बाजूला पाककृती होती म्हणून ते वाचलं, हे खरं कारण. पण आता ती पाककृती कुणी वाचत नाही, सगळे 'भाऊ'पाशी थांबतात.

*

'कामापुरते कागद' आवडलं. माझ्याकडे लोकलची जुनी पुठ्ठ्याची तिकिटं आहेत, अंगठ्याएवढी. ही पद्धत १८३० च्या दशकात इंग्लंडमधल्या एडमंडसन नावाच्या स्टेशनमास्तरने काढली. प्रत्येकावर छापील क्रमांक, तारखेचा ठसा खिडकीत यंत्रात दाबून उठवलेला. बोट फिरवलं की तो ठसा अजून लागतो. त्याच डब्यात मी यंत्रातून निघालेली अलीकडची बसतिकिटंही टाकत गेलो. परवा उघडून बघतो तर सगळी कोरी! तो कागद उष्णतेने काळा होणारा असतो, शाई नसतेच, त्यामुळे अक्षरं हळूहळू उडून जातात. कुठून कुठे गेलो होतो, काही कळायला मार्ग नाही. तेव्हा 'क्षणभंगुर' अगदीच टाकू नका, या तिकिटांसाठी ठेवा.

*

सर्वांचे आभार. पाटीवर 'कामापुरते कागद' लिहितोय. पण कपाटात बाटल्यांची बुचं आणि निवडणुकीचे पत्र्याचे बिल्लेही आहेत. ते कागद नव्हेत. 'कामापुरत्या वस्तू' म्हटलं तर झाडूही त्यात येतो. त्यांचं काय करू?